किल्लीकाकांनी छातीतली वायर गुंडाळली त्याची गोष्ट

किल्लीकाकांचे हात कधी स्वस्थ बसले नाहीत. बसथांब्याशेजारी, एका जिन्याखाली, त्यांचं कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या घासून द्यायचं दुकान. तिथे दिवसभर काहीबाही फिरवायचं आणि घरी आल्यावरही फिरवतच राहायचं. शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं, रेडिओचा खटका. एकदा गप्पांच्या ओघात त्यांनी जावयाच्या चष्म्याचा स्क्रूच काढला. जावई जमिनीवर काच चाचपडत बसला आणि काका म्हणाले, "ढिलाच होता तो."

अशा माणसाच्या छातीत पेसमेकर बसवावा लागला. ठोके फार मंद पडत, डोळ्यांपुढे अंधारी येई, इलाजच नव्हता. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा लहान यंत्र आणि तिथून हृदयात गेलेली बारीक वायर.

घरी येताच काकांनी बोटाने चाचपून पाहिलं. "काम चांगलं झालंय. पण जरा हलतंय."

काकूंनी त्यांचं बोट बाजूला केलं. "त्याला हात लावू नका हं!"

"छे, मी कशाला लावतोय?"

काही आठवड्यांनी काकांना उचकी लागली, ती थांबेचना. पाणी झालं, साखर झाली, पाठीत धपाटे झाले. शेवटी दचकवायला म्हणून काकू मागून ओरडल्या, "अहो, दुकान फोडलं!"

"कुलूप मी बसवलंय," काका म्हणाले, "उक्... फुटेल कसं?"

मग उचकी आपोआप गेली आणि डावा हात उडायला लागला. खांद्यापासून झटका बसे आणि पंजा वर जाई. दुकानासमोर बस थांबली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "चला काका, चढा लवकर."

"मला कुठे जायचंय?"

"मग हात कशाला दाखवता?"

समोर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर हसून उलट हात केला. दुसऱ्या दिवशीही केला. ते काकूंच्या कानावर गेलं.

"या वयात हात करताय?"

"मी करत नाही गं, तो होतोय!"

त्यावर अबोला धरायचा काकूंचा विचार होता, पण तेवढ्यात काकांना पुन्हा अंधारी आली आणि त्या रडकुंडीला येऊन त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बघतच राहिल्या. "यंत्र आतल्या आत गोल गोल फिरलंय. वायर त्याच्याभोवती गुंडाळली गेली आणि तिचं टोक हृदयातून निघून वर आलं. आता ते वाटेतल्या नसांना झटके देतंय. म्हणून आधी उचकी, मग हात. हे फिरवलं कुणी?"

"माझ्या छातीत कोण शिरणार?" काका म्हणाले. बोलता बोलता त्यांनी बाईंचं खटक्याचं पेन फिरवून उघडलं, आतली स्प्रिंग काढली आणि टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी स्प्रिंगकडे पाहिलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

काका खाली मान घालून बसले. मग हळूच म्हणाले, "भीती वाटायची हो. बंद पडलं तर? म्हणून जागेवर आहे ना, बघायचो. एकदा बघितलं की पुन्हा बघावंसं वाटायचं."

काकूंनी टेबलावरची स्प्रिंग उचलली आणि काकांच्या हातात दिली.

पुन्हा ऑपरेशन झालं. नवी वायर घातली आणि यंत्र स्नायूखाली खोल नेऊन टाक्यांनी पक्कं शिवून टाकलं. हात शांत झाला. झोपेत बोटं तिकडे जाऊ नयेत म्हणून काकूंनी लोकरीचे दोन हातमोजे विणले, बोटंच नसलेले, पिशवीसारखे बंद, आणि ते काकांच्या हातांत चढवून मनगटाशी नाडी बांधली.

"मी काय मांजर आहे?" काका भडकले.

"मांजर असतं तर सांगितलेलं ऐकलं असतं."

आठवडाभर कुरकुर चालली. हल्ली मात्र दुपारी जेवण झालं की काका अंथरुणावर बसून आतल्या खोलीकडे हाक मारतात, "अगं, माझे मोजे कुठे ठेवलेस?"