हसू मोजलं ते एकोणीस दिवस

यंदा दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. सकाळी साडेसहाला बायकोनं चहाचा पहिला घोट घेतला आणि तो डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून थेट साडीवर आला. तिला हसू आलं. पण हसली फक्त उजवी बाजू. डावी जागच्या जागी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "माझं निम्मं तोंड कुठं गेलं?"

रिक्षानं आम्ही वीस मिनिटांत दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात उचलायला लावले, कपाळाला आठ्या घालायला लावल्या, डोळे मिटायला लावले. डावा डोळा मिटेना. "हा अर्धांगाचा झटका नाही, घाबरू नका," ते म्हणाले. "चेहऱ्याची एक नस सुजली आहे. गोळ्या घ्या, व्यायाम करा. बहुतेकांचं पूर्ववत होतं."

"किती दिवसांत?" मी विचारलं.

"काही आठवडे. कधी काही महिने."

"नक्की आकडा?"

"तो नसतो," डॉक्टर म्हणाले.

माझं पोट अशा उत्तरानं भरत नाही. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी सत्तावीस वर्षं तुरीचा ओलावा मोजतोय. पोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, यंत्रात घालायचा, आकडा लिहायचा. ठरलेल्या टक्क्याच्या वर आकडा गेला की पोतं बाजूला. शेतकरी म्हणतो, "साहेब, हातात घेऊन बघा, वाळलेली हाय." मी हातात घेत नाही. मी आकडा बघतो.

बायको माझ्या अगदी उलट. माहेर हिमायतनगरचं, नांदेड जिल्ह्याच्या पार त्या टोकाचं. तिचं हसणं आमच्या गल्लीत चार घरं ऐकू जातं. भाजीवाली तिला हसताना ऐकूनच गाडा थांबवते. अशा बाईनं त्या सकाळपासून पदर तोंडावर घेतला. दूधवाल्याला दार मी उघडायचं. शेजारीण आली की ही मोरीत. बैठकीतला आरसा तिनं काढून कपाटात ठेवला. आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येळवशीला मी येणार न्हाई. तुम्ही अन् पोरगी जा."

हे ऐकून मला खरा धक्का बसला. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, कारण सगळा जिल्हा शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड पुजायचे, आणि मग ओल्या दाण्यांची, भाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबट ताकाची अंबिल. वाटेनं जाणारा कुणीही असो, ओळखीचा, अनोळखी, त्याला हाक मारून पंगतीला बसवायचंच. ही हाक मारायचं काम आमच्या शेतात बायकोचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला हा सण ठाऊकच नव्हता. "वाटेवरच्या माणसाला ओढून जेवायला घालून राहिले, काय लोकं हाय तुम्ही!" म्हणून ती हसत होती. तिसऱ्या वर्षी तीच बांधावर उभी होती. तेव्हापासून बावीस वर्षं आमच्या शेताजवळून उपाशी कुणी पुढं गेलेलं मला आठवत नाही. ती न येता येळवस म्हणजे जेवण होईल, सण होणार नाही.

मग मी ठरवलं, येळवशीच्या आत तोंड जागेवर आणायचं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी दिलेले व्यायाम सोपे होते. भुवया वर करायच्या, गाल फुगवायचे, ओठांचा चंबू करायचा आणि दात न दाखवता रुंद हसायचं. प्रत्येकी पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. मी पोरीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेतली, कपाटातला आरसा काढला आणि सकाळी सहाला बायकोला समोर बसवलं.

"हास."

ती हसली. मी पट्टी ओठाच्या कोपऱ्याला लावली. उजवा कोपरा अकरा मिलिमीटर वर गेला. डावा एक.

"काय मोजून राहिले तुम्ही?"

"हलू नको. पट्टी सरकते."

दिनदर्शिकेच्या रोजच्या चौकोनात मी आकडा लिहायला लागलो. एक. एक. दीड. दोन. पाचव्या दिवशी अडीच झाला तेव्हा मी मिलमध्ये सगळ्यांना चहा पाजला! सहाव्या दिवशी परत दोन. त्या दिवशी मी तिला म्हणालो, "काल अडीच होतं. झोप झाली नाही का?" तिनं आरसा पालथा घातला. मला वाटलं, ओठ दमले असतील.

अकराव्या दिवसापासून आकडा तीनवर अडकला. मी व्यायाम अधिक काटेकोर केला. पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जाते. ती दप्तर भरता भरता आमच्याकडं बघायची. एकदा म्हणाली, "पप्पा, आमच्या क्लासात चुकलं तर मार्क कापतात. तुम्ही मम्मीचं हसू कापायलात."

"तू अभ्यास कर," मी म्हणालो.

एकोणिसाव्या दिवशी आकडा दोनवर आला. मी पट्टी परत लावली. दोनच. "काल तीन होतं," मी म्हणालो. बायकोनं माझ्या हातातून पट्टी घेतली, स्टुलावर चढली आणि माळ्यावर, गव्हाच्या कोठीमागं टाकून दिली.

"मी तुमच्या मिलमधली तूर न्हाई," ती म्हणाली. ती रडत होती, आणि डावा डोळा मिटत नसल्यानं त्यातलं पाणी नुसतं वाहत होतं.

त्याच दिवशी दवाखान्यात व्यायाम तपासायला जायचं होतं. व्यायामाच्या मॅडम वयानं लहान, पण बोलायला तिखट. त्यांनी गालाला हात लावून पाहिलं आणि विचारलं, "स्नायू दमलेत. रोज किती करता?"

"पंधरा, तीनदा. तुम्ही सांगितलं तेवढंच," मी म्हणालो. एकही कमी नाही, एकही जास्त नाही, याची मला खात्री होती.

"यांना विचारा, कसे मोजतात," बायको पदराआडून म्हणाली.

"कसे मोजता काका?"

मी सांगितलं. नीट आलं नाही ते हसू मी धरत नव्हतो. अर्धवट आलं, एका बाजूला गेलं, मधेच सुटलं, ते बाद. पंधरा चांगली येईपर्यंत चालू ठेवायचं. सांगता सांगताच मी मनात हिशेब केला आणि माझा आवाज बारीक झाला. पंधरा धरण्यासाठी ती चाळीस-पंचेचाळीस वेळा हसत होती. दिवसातून तीनदा. एकोणीस दिवस. म्हणजे पंधराशेच्या आसपास वेळा ती माझ्यासमोर हसली आणि मी ते बाद केलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, ज्या दिवशी नस झोपलेली असते त्या दिवशी अर्धं हसूच पूर्ण असतं. तेच धरायचं. पंधरा म्हणजे पंधरा, जशी येतील तशी. आणि कालचा आकडा आज काढायचा नाही."

परतीच्या रिक्षात बायकोनं अटी घातल्या. पट्टी नाही. दिनदर्शिका नाही. काल हा शब्द सकाळी आठच्या आत घरात काढायचा नाही. आणि चौथी अट, "तुम्ही पण करायचं. माझ्यासमोर बसून. मी एकटी माकडासारखी तोंडं न्हाई करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघं समोरासमोर बसलो. आरसा परत कपाटात गेला होता. मी भुवया वर केल्या. गाल फुगवले. ओठांचा चंबू केला. मग रुंद हसलो. बायको माझ्याकडं टक लावून बघत होती.

"हासा की."

"हसलो."

"हे हासू हाय?" ती पुढं वाकली. "अहो, माझं एका बाजूनं बंद हाय, तुमचं दोन्ही बाजूनं बंद हाय!"

आणि ती हसली. चार घरं ऐकू जाणारं हसली! तोंड वाकडं झालं, डावीकडून लाळ आली, तिनं ती पदरानं पुसली आणि परत हसली. पोरगी ब्रश तोंडात धरून धावत आली. मीही हसायला लागलो. बावन्न वर्षांच्या माझ्या गालांना त्याची सवय नव्हती. दोन्ही गाल दुखले, अगदी जिना चढून पाय दुखावेत तसे.

त्या सकाळपासून आमच्या घराचा रंग बदलला. सहा वाजायची मी वाट बघायला लागलो, लहान पोर जत्रेची बघतं तशी. रोज पहिल्यांदाच बसतोय असं बसायचं. एखाद्या दिवशी डावा गाल अजिबात हलायचा नाही. पंधरा झाली की ती उठून भाकरीला लागायची आणि तो दिवस तिथंच निल असायचा, उद्याला काही शिल्लक नाही. एखाद्या दिवशी नाकाजवळ बारीकशी सुरकुती पडायची आणि आम्ही दोघं ओरडायचो. मिलमध्येही मी हळूहळू शेतकऱ्याची तूर हातात घ्यायला लागलो. आकडा यंत्राचाच लिहायचो, त्यात बदल नाही. पण हातात घेऊन "वाळवलीय चांगली" एवढं म्हणायला काही लागत नाही, आणि समोरच्या माणसाचा चेहरा तेवढ्यानं सैल होतो, हे सत्तावीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी बायकोनं अंबिल घुसळायला घेतली. मी मिठाचा डबा पुढं सरकवला. सकाळी ती साडी नेसून तयार होती. "येते," म्हणाली. "पण कोपीत बसंन. पाठमोरी. हाका तुम्ही मारा."

शाळू कमरेच्या वर गेला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते. पूजा झाली. धाकट्या भावानं शेतभर फिरून अंबिल शिंपडली. बायको कोपीत, पाठ वाटेकडं. मी बांधावर उभा राहिलो. माझा आवाज मुळात बसका. "या जेवायला," मी म्हणायचो, तोवर मोटारसायकल निघून गेलेली. पहिली गेली. दुसरी गेली. मग एक म्हातारा आणि म्हातारी पायी आले, डोक्यावर गाठोडं, आमच्या गावचे नव्हते. मी हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. ते चालत राहिले.

कोपीतून भावजय म्हणाली, "भावजी, जरा मोठ्यानं!" मी परत ओरडलो. म्हातारी मागं वळलीसुद्धा नाही. वळण आलं की ती दोघं दिसेनाशी होणार होती.

माझ्या बाजूनं काहीतरी सळसळत गेलं. बायको होती. पदर खांद्यावर, हातात भज्जीचा डाव, बांधावरून अनवाणी पळत. "ओ मावशी! ओ मामा! जेवल्याबिगर कुठं चालले?" ओठ अजून पूर्ण जुळत नसल्यामुळं शब्द थोडे सांडत होते, पण आवाज! पलीकडच्या शेतातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

दोघं थांबली. परत आली. म्हातारीनं अगदी जवळ येऊन बायकोच्या तोंडाकडं बघितलं. हिचा हात पदराकडं गेला, तिथं थोडा थांबला आणि खाली आला.

"माझ्या धाकट्या बहिणीला पण असंच झालतं," म्हातारी म्हणाली. "आता तीन नातवंडावर वरडत असते. भज्जीत चिंच घातलीस का बाई?"

"घातली की! बसा."

ते जेवले. त्यांच्यामागून मोटारसायकलवरचे चौघं आले, मग ऊसतोडीला चाललेलं एक कुटुंब, पाच माणसं. बायकोच वाढत होती, बायकोच बोलावत होती. कोपीत ती परत गेलीच नाही. दुपारी दोनला पंगती आटोपल्या आणि मी सावलीत टेकलो, तर ती समोर येऊन उभी.

"उठा. आता दुसऱ्यांच्या शेतात जेवायला जायचं."

"पोट भरलंय."

"एक उंडा खायचा. रीतच हाय ना तुमची?"

आम्ही चार शेतं फिरलो. तिसऱ्या कोपीत शेजारच्या गावचे एक काका भज्जी वाढायला बसले होते. वर बघून त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, तोंडाला काय झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि पत्रावळीसमोर मांडी घालून बसली.

"नस झोपली होती, काका. निम्मी उठलीय, निम्मी उठून राहिली," ती म्हणाली. "तुम्ही भज्जी वाढा."