दुर्बिणीवरची गोधडी

व्याधाचा तारा इतका झगमगतो, की त्याला शोधायला दुर्बीण लागत नाही. मला हवा होता तो त्याचा जोडीदार. व्याधाच्या अगदी जवळ एक मंद, बारीक तारा फिरतो. एक फेरी पुरी करायला त्याला पन्नासेक वर्षं लागतात. सध्या तो व्याधापासून सगळ्यात लांब आहे, म्हणजे दिसलाच तर आत्ताच. नंतर तो पुन्हा व्याधाच्या उजेडात शिरणार, आणि बाहेर येईपर्यंत मी कुठली राहायला! पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं स्वतःला फसवू नये.

उमरग्याच्या कडेला आमचं घर. दोन वर्षं, माघ-फाल्गुनात, मी गच्चीवर त्याच्यामागं लागले होते. दिवेलागणीला, आभाळ निळसर असतानाच बघायचं, कारण तेव्हा व्याध डोळे कमी दिपवतो. पण माझ्या दुर्बिणीत तो नुसता उकळत्या पाण्यासारखा हलत असायचा. हवेला, हायवेवरच्या ट्रकना, सगळ्यांना माझी नावं ठेवून झाली.

माझ्याकडून मी सगळं रीतसर करत होते. दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हावा लागतो, नाहीतर चित्र थरथरतं. म्हणून शाळेत शिकवून आल्या आल्या मी ती गच्चीवर सावलीत ठेवायची आणि खाली भाकरी थापायला बसायची.

एकदा विसरलेला चष्मा आणायला मध्येच वर गेले, तर दुर्बीण गोधडीत गुंडाळलेली, तोंडाला पंचा बांधलेला, आणि शेजारी खुर्चीवर सासरे पहाऱ्याला!

“मामा, हे काय?”

“मळणी चालू हाय न्हवं? भुसकट उडायलंय. रोज झाकून ठिवतो अन् तू यायच्या आधी काढतो. तुला कशाला त्याचा घोर?”

दोन वर्षं, रोज! मी कपाळावर हात मारला, आणि मग मला हसू आवरेना. तापल्या तव्यावरची हवा कशी हलते, तसं गोधडीच्या उबेनं आरशावर होतं, असं मी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा पडला.

“म्हंजी तुझं काम म्याच बिघडवलं की गं.”

“पण मामा, आरशावर भुसकटाचा एक कण नाही,” मी म्हणाले. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोधडी खाली ठेवली आणि वाऱ्याच्या बाजूला दोरीवर स्वतःचं ओलं धोतर ताणून बांधलं. भुसकट धोतराला चिकटलं, आरसा गार झाला, आणि व्याध पहिल्यांदा शहाण्यासारखा स्थिर दिसला. मी मोजायच्या बारीक रेघांचं भिंग लावलं. पृथ्वी फिरते तसा तारा भिंगात आपोआप सरकतो. व्याध सरकत काठाबाहेर गेला, आणि त्याच्या मागं क्षणभर एक ठिपका उरला.

उरला, की मला तसं वाटलं? कुठं दिसायला हवा हे ठाऊक असलं, की मन तिथं ठिपका काढून मोकळं होतं. असल्या ठिपक्याचं माप मी जोडताऱ्यांची मापं जमवणाऱ्या इतर निरीक्षकांना कोणत्या तोंडानं पाठवणार? पुन्हा पाहिलं, पुन्हा दिसला, आणि माझी शंका उलट वाढली.

सासऱ्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर लख्ख झाली होती. मी वर काय बघते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, म्हणजे ठिपका कुठं दिसायला हवा हे त्यांना ठाऊकच नव्हतं. न विचारताच दोन वर्षं राखण केली होती. मी व्याध पुन्हा भिंगात आणला आणि म्हणाले, “मामा, काय दिसतंय तेवढं सांगा.”

“लई चकाकतंय. सरकायलंय... गेलं भायेर.” ते थबकले. “अन् त्याच्या मागनं एक बारकं पोरगं बी पळालं की! कुणाचं गं ते?”

माझे डोळे भरून आले.

“आपलंच म्हणा, मामा,” मी म्हणाले आणि डोळे पुसून मोजायला बसले.