चार ते साडेपाच, गाडी ढकलत

जगातल्या बड्या बड्या शहरांशी घरोबा असलेला आणि स्वतः शीवच्या पलीकडे जायला कुरकुरणारा माणूस मी एकच पाहिलाय. माझ्या बायकोचे मामा. गर्दीच्या भागात गाडी आणायची तर त्याची किंमत मोजा, असा नियम काही शहरांनी केलाय, आणि ती शहरं अधूनमधून एकत्र बसून आपापले अनुभव एकमेकांना सांगतात. या बैठका कॉम्प्युटरवर कुणालाही ऐकता येतात. हे ‘कुणालाही’ मामांनी फारच मनावर घेतलं. परळच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर, इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून ते बैठकीला बसतात. या शहरांबद्दल बोलतातही असे, की लग्नघरातले पाहुणे वाटावेत. “सिंगापूर पहिल्यापासून शिस्तीचं हो, जावईबापू. स्टॉकहोम धोरणी, आधी काही महिने करून दाखवलं, मग लोकांना विचारलं. न्यूयॉर्कनं मात्र रुसून रुसून सगळ्यांना टेकीला आणलं.” आणि मुंबई? “लेकरू आहे. येईल वळणावर.” त्या लेकराच्या खड्ड्यांतून माझी कंबर मोडलेली असते, पण मामांपुढे बोलायची सोय नाही.

संध्याकाळी ते गॅलरीत आरामखुर्चीवर डोळे मिटून बसतात. झोपलेत असं समजून मी एकदा हळूच उठायला गेलो, तर म्हणाले, “थांबा, लालबागच्या पुलावरच्या गाड्या काढतोय.” मनातल्या मनात एकेक गाडी उचलून ते बाजूला ठेवत होते. पूल रिकामा झाला, मग रे रोडकडून वारा आला, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि ती थेट आपल्याला ऐकू आली, असं सगळं त्यांनी मला सांगितलं. खाली हॉर्न बोंबलत होते. पण खरं सांगतो, क्षणभर मलाही ती शिट्टी ऐकू आली.

या वेडाचं मूळ मात्र सिंगापूर-स्टॉकहोमला नव्हतं, समोरच्या चाळीत होतं. तिथे मामीची मैत्रीण राहायची. दोघी मालवणकडच्या, लग्न होऊन एकाच सुमाराला परळला आलेल्या. मधला रस्ता ओलांडून दुपारचा चहा एकीकडे किंवा दुसरीकडे, हे वर्षानुवर्षं चाललेलं. पुढे सिग्नल चुकवणाऱ्या दुचाक्यांना या रस्त्याचा शोध लागला. एकदा मामी घावण्यांची ताटली घेऊन निघाली आणि एका मोटरसायकलीचा धक्का लागला. मनगट मोडलं, घावणे रस्त्यावर. तेव्हापासून मामी खाली उतरली नाही. मैत्रिणीचे गुडघे आधीच गेलेले. मग दोघी गॅलरीतून खुणा करायच्या. डाव वर केला की आमटी, हात थापले की भाकरी. “काय गो, बरी मा?” ही हाक हॉर्नमध्ये विरून जायची. मामा ते बघत बसायचे.

एका शनिवारी मी स्कूटरवरून त्या रस्त्यात शिरलो, तर मधोमध मामा, हात जोडून उभे. “चार ते साडेपाच इंजिन बंद. गाडी ढकलत न्यायची.”

“मामा, अहो मी जावई!”

“सूट फक्त ॲम्ब्युलन्सला. किंमत पैशातच मोजावी असं थोडंच आहे? जरा घाम गाळा.”

दोन्ही चाळींतल्या बायका गॅलरीत ओळीनं उभ्या. नाही म्हणायची कुणाची छाती? मी मुकाट्यानं ढकलली. दुचाकीवरची पोरंही खाली मान घालून ढकलत होती, आणि मनातल्या मनात काय म्हणत असतील ते म्हणत होती.

आठवडाभरात पलीकडच्या गल्लीतल्या ताई तरातरा आल्या. निवृत्त नर्स, आवाज असा की अख्खा वॉर्ड जागा व्हावा. “जय भीम, मामा! तुमचा त्रास आमच्या दारात ढकलला होय? सगळी पोरं आता आमच्याकडून जातात!” आता भांडण होणार म्हणून मी पुढे सरसावलो. मामांचा चेहरा मात्र असा उजळला की विचारू नका. “ताई, बसा! अहो, म्हणूनच तर शहरं एकत्र बसतात! एकट्यानं करून भागत नाही.” ताई चहा घेऊन गेल्या त्या तीच वेळ आपल्या गल्लीत लागू करायचं कबूल करूनच. पुढच्या शनिवारी त्या स्वतः शिट्टी घेऊन उभ्या होत्या.

त्याच शनिवारी मामी खाली उतरली. ताटलीवर रुमाल झाकलेला. समोरून काठी टेकत मैत्रीणही निघालेली. दोघी रस्त्याच्या बरोबर मधोमध भेटल्या आणि तिथेच बोलत उभ्या राहिल्या. मागे ढकलणाऱ्यांची रांग लागली. एकानं “आजी, जरा...” म्हणताच मामांनी त्याला नजरेनं गप्प केलं. रांगेत मीही होतो. डोळे भरून आले, नाकारत नाही.

पुढच्या बैठकीत मामांनी पहिल्यांदाच सवाल टाकला: गाड्या कमी झाल्यावर कोण कोणाकडे चहाला गेलं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय का? मग तिकडची एक बाई हसून म्हणाली, “नाही, पण विचारायला हवं होतं.” मामा चार दिवस हवेत होते.

आता समोरची चाळ पाडलीय. नवी इमारत उभी राहीपर्यंत मैत्रीण मुलाकडे, डोंबिवलीला. समोर आता बांधकामाची हिरवी जाळी आहे. मामी अजून कधीतरी सवयीनं डाव वर करते आणि मग आत जाते.

परवा चार वाजता गेलो. मामा जागेवर. म्हटलं, “मामा, आता कशाला? ओलांडायला कोण आहे?”

ते जाळीकडे बघत होते. म्हणाले, “घर तयार झालं की परत येते म्हणालीय. तेव्हा रस्ता असायला हवा ना?”

मी स्कूटर बंद केली आणि ढकलायला लागलो.