आईच्या कानाची पट्टी

आईनं पिशवी भरली ती शुक्रवारी. दोन लुगडी, औषधांची डबी, खंजिरी. खंजिरी पिशवीत गेली तेव्हा मला कळलं की ती धाकट्या भावाकडे ढाणकीला चार दिवसांसाठी जात नाही, कायमची जाते आहे. सोमवारची बस ठरली होती. रविवारी एकादशीचं भजन होतं, म्हणून खंजिरी तेवढी तिनं पुन्हा काढून वर ठेवली.

याला कारण मी. नेमकं सांगायचं तर माझा मोबाइल.

आईला वर्षभरापासून कमी ऐकू येत होतं. कानाचं यंत्र तिनं दोन दिवस लावलं आणि "डोक्यात कोणी भांडे घासून राह्यलं" म्हणून डबीत ठेवून दिलं. मी लोहाऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. कमी पडलं की वाढवायचं, हे माझं गणित. टीव्हीचा आवाज अठरावरून चाळीसवर गेलाच होता, तसं बोलणंही वाढवायचं. मी घरात नियम केला: आईशी मोठ्यानं बोलायचं.

माझ्या बायकोचा आवाज मुळातच बारीक आणि उंच. ती स्वयंपाकघरातून ओरडायला लागली. तरी आईची तक्रार एकच, "सून मायाशी बोलत नाही. नुसतं तोंड हालवते." माझं बोलणं मात्र तिला बऱ्यापैकी ऐकू यायचं. त्यातून तिनं काय अर्थ काढला असेल, ते उघड होतं.

"ओरडू ओरडू गळा गेला माया, अन् ह्या म्हणतात बोलतच नाही," बायको म्हणायची. "शेजारी काय समजत असतील?"

मग मी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. फोन आईच्या पुढ्यात ठेवला आणि बायकोला तिला जेवायला बोलवायला सांगितलं. मग तेच शब्द मी बोललो. आकडा बायकोचा जास्त आला. दोन्ही आकडे मी आईला दाखवले. आकडा समोर ठेवला की वाद संपतो, अशी माझी समजूत होती.

आईनं चष्मा लावून पाहिलं. "म्हंजे मी खोटं बोलून राह्यली," ती म्हणाली. "घ्या बापा. मशीन खरी."

त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचा चहा घेतला नाही. बायकोही पेटली. "जाऊ द्या त्याईले ढाणकीले. तिथं तरी कोणी बोलन त्याईच्याशी." आई शब्दाची पक्की. एकदा गेली असती तर परत आली नसती.

कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात बायकांचं भजन असतं. पेटी मी वाजवतो. मी वेळेवर येतो, याहून मोठी कला माझ्या अंगात नाही. बायका काळी पाचवर गातात, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. आई खंजिरीवर. अलीकडे ती गाणारणीच्या तोंडाकडे टक लावून वाजवायची आणि तरी मागे पडायची. बायका एकमेकींकडे पाहायच्या, बोलायच्या नाहीत.

त्या रविवारी पहिलं भजन बायकोकडे होतं. ती वाकून मला म्हणाली, "काळी दोनवर घ्या. गळा बसला."

"एवढ्या खाली?"

"मंग तुमीच गा."

घेतलं काळी दोनवर. सासू-सून समोरासमोर, पण एकमेकींकडे न बघता. बायकोनं जाडसर आवाजात पहिली ओळ म्हटली आणि खंजिरी नेमकी समेवर पडली. योगायोग, मी म्हटलं. दुसऱ्या ओळीलाही पडली. आईची मान खाली होती. सुनेच्या तोंडाकडे तर ती बघणारच नव्हती. तरी धृपद तिनं सगळ्यांआधी उचललं. माझी बोटं सवयीनं चालत होती. कान सगळा आईकडे होता.

दुसरं भजन शेजारणीनं काळी पाचवर घेतलं. आईची मान वर आली, नजर शेजारणीच्या ओठांवर गेली आणि खंजिरी मागे पडली. तिसऱ्याला मी कोणाला न विचारता पुन्हा काळी दोन धरली.

"भाऊजी, विहिरीत उतरवता काय आमाले?" शेजारीण म्हणाली. बायका हसल्या. आईची मान खाली गेली आणि हात बरोबर पडायला लागला.

आई पुढे गेल्यावर मी बायकोला वाटेत सांगितलं. प्रश्न लहान-मोठ्या आवाजाचा नाही, उंच-खालच्या आवाजाचा आहे. ओरडलं की आवाज चढतो, आणि चढलेला आवाज आईच्या कानात शिरत नाही.

ती थांबली. "म्हंजे मी गळा फाडला तो कायले?"

ओरडायचा नियम माझाच होता.

"आता काय बाप्याच्या आवाजात बोलू मी?"

"खाली बोल. भजनात गायलीस तसं."

"तुमचं अ‍ॅप काय म्हणते त्यावर?" एवढं बोलून ती पुढे निघून गेली.

घरी आईनं खंजिरी पुसून पिशवीत ठेवली आणि दोरी आवळायला घेतली. तिची पाठ दाराकडे होती. बायको दारात येऊन उभी राहिली. राग उतरलेला नव्हता. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. ती बोलेल की वळून जाईल, मला सांगता येत नव्हतं. मग ती त्याच खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटली, "आई, चहा ठेवू काय?"

आईचा हात गाठीवर थांबला.

"अर्धा कप," ती म्हणाली. आणि न वळता, "आज तोंड उघडलं वाटते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. जिभेवर आलेलं उत्तर नक्कीच काळी पाचचं होतं. ते तिनं गिळलं. "साखर टाकू का नको?" तितक्याच खाली.

"टाक. बिनसाखरेचा चहा बिमारीत पेतेत."

सोमवारची बस गेली, आई गेली नाही. पण पिशवी तिनं रिकामी केली नाही. ती खाटेखाली तशीच होती, आणि झाडताना बायको रोज तिच्या भोवतीनं झाडू फिरवायची. घाईत अजूनही बायकोचा आवाज चढतो. मग आई भिंतीकडे बघत बसते आणि घर पुन्हा ताणलं जातं.

पुढच्या एकादशीला खंजिरी काढायची वेळ आली तेव्हा आईला गाठ सुटेना. बायको खाली बसली आणि नखानं दोरी उकलायला लागली.

"हळू," आई म्हणाली. "तुटन."

"नाही तुटत," बायको म्हणाली, खालच्या आवाजात.