डावीकडची जागा

माझ्या बायकोचे आजोबा अखेरची काही वर्षं इथे परदेशात, बॉटनी डाउन्सच्या आमच्या घरी राहिले. सोफ्यावर बसले की डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडत. मला वाटायचं, वर्तमानपत्र पसरायला असेल.

एकदा फेजोआचं फळ चमच्याने कोरून खाताना त्यांनीच मला आणि माझ्या मुलीला सांगितलं. महायुद्धात ते मलायाच्या रबरमळ्यातून स्वातंत्र्याच्या फौजेत गेले, तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं. फौजेने निवडक पोरांना अधिकारी व्हायला जपानला धाडलं. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात, रांगेत त्यांच्या डावीकडे उभा राहणारा मुलगा न्यूमोनियाने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला, मोकळी जागा भरा. आजोबा हलले नाहीत. थोबाडीत बसली, तरी हलले नाहीत. मग पलीकडचा सरकला आणि रांग पुन्हा सरळ झाली.

"लगेच बुजली रे," आजोबा म्हणाले. "तो कधी नव्हताच जसा."

ते लढायच्या आत युद्ध संपलं. देश त्यांच्यासाठी न थांबता स्वतंत्र झाला, आणि त्यांनी पुण्यात जन्मभर पाण्याचे पंप विकले.

गेल्या ऑगस्टात आमच्या इथल्या मराठी मंडळाला हे कुठून तरी कळलं आणि सत्काराचा घाट घातला गेला. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण. त्यात फौजेपेक्षा मंडळानेच जास्त शौर्य गाजवल्याचं निष्पन्न झालं. मग फोटो.

आजोबा रांगेच्या उजव्या टोकाला उभे राहिले, डावीकडे जागा सोडून.

"आजोबा, गॅप दिसतोय हं!" म्हणत अध्यक्ष त्या जागेत शिरले. आजोबा उजवीकडे सरकले. अध्यक्षही सरकले, त्यांच्यामागून सगळी कार्यकारिणी. रांग खेकड्यासारखी किचनच्या दाराकडे निघाली.

"अहो, आजोबा फ्रेमबाहेर चाललेत!" फोटो काढणारा ओरडला. सगळे हसले. मीही हसलो. मग मला दिसलं, आजोबा अजूनही सरकतच होते.

आमच्या मुलीला मराठी समजतं, पण ती बोलते इंग्रजीतच. ती पुढे येऊन अध्यक्षांना म्हणाली, "अंकल, यू कान्ट स्टँड देअर. समवन्स स्टँडिंग देअर."

अध्यक्षांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि चटकन बाजूला झाले. "सॉरी" म्हणाले. पण आजोबांकडे बघून नव्हे.

जूनमध्ये आजोबा गेले. यंदा मंडळाच्या ऑगस्टमधल्या कार्यक्रमात फोटोसाठी मुलगी आपणहून उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी शेजारी जायला लागलो, तर तिने कोपराने ढकललं. मला कळलं. मी एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवलं.

"मोअर, बाबा," ती समोर कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "देअर आर टू नाऊ."

भूतखेतांवर माझा विश्वास नाही. मी आणखी सरकलो.