ग्रहणात घेतलेला विंचवाचा मंत्र

सुरुवातीलाच सांगून टाकते... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिलेलं नाही, ‘नाही’ असं लिहिलंय – नीट वाचा. तीस वर्षं मी शाळेत फिजिक्स शिकवलं. वर्गात कुणी भुताचा विषय काढला की त्याला फळ्यापाशी उभं करून गतीची सूत्रं लिहायला लावली. इथले भुताखेतांचे अनुभव वाचताना निम्म्या वेळा मला हसू येतं, हेही कबूल करते. तरी लिहिते आहे, कारण ही गोष्ट माझ्याच डाव्या पायाबरोबर घडली आणि तो पाय अजून माझ्याजवळ आहे.

साल १९८०. गाव सौंसर. आहे मध्य प्रदेशात, पण चौकात उभं राहून लोकांचं बोलणं ऐकलं तर कुणाला पटणार नाही. चहूकडे संत्र्याचे बगीचे आणि कापसाची शेतं. माझे वडील तहसील कचेरीत बाबू. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव एका गाठोड्यात बांधून नदीत सोडून दिले होते. ही हकीकत बाबा इतक्यांदा सांगत की आपण स्वतः तिथे काठावर उभे होतो असं मला वाटायचं. मांजर आडवं गेलं की बाबा मुद्दाम त्याच रस्त्याने पुढे जात. अशा माणसाची मी मुलगी.

मी तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. तिकडे तेव्हा अकरावी झाली की शाळा संपायची. अभ्यासात बरी, तोंडाने फटकळ, आणि ‘तुला जमणार नाही’ असं कुणी म्हटलं की डोकं फिरायचं.

बोरगावच्या रस्त्याला भागामाय नावाची एक बाई एकटी राहायची. साठीची असेल. लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि विंचू उतरवायची. विंचू चावला की लोक तिच्या दाराशी धावत यायचे, आणि काम झालं की मागे तिला ‘जादूवाली’ म्हणायचे. आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका रविवारी माझी मैत्रीण कुंदा मला तिच्याकडे घेऊन गेली. कुंदाला घरच्यांनी जमवलेलं लग्न मोडायचं होतं. मला असं खास काही नको होतं... पण एखाद-दोन माणसं डोळ्यासमोर होती.

“माय, आमाले करनी शिकव,” मी सरळच म्हटलं.

ती दारात बसून कापसातली सरकी काढत होती. वर न बघता म्हणाली, “कोनाचं वाईट करासाठी मंतर काऊन लागते वो पोरी? ते तं कोनालेही जमते.”

हे उत्तर मला आजही कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मग तिने सांगितलं की तिच्याजवळ एकच मंत्र आहे, विंचवाचा, आणि तो ती लग्न न झालेल्या पोरींनाच देते. का? तर लग्न झालेली बाई घराबाहेर पडायच्या आधी चार जणांना विचारते, आणि तोवर विंचू चढतो. बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं. चपला शोधत बसायचं नाही. वैऱ्याच्या घरून आलं तरी नाही म्हणायचं नाही. त्या घरचं काही घ्यायचं नाही – पाणीसुद्धा नाही. मंत्र मिळणार तो येत्या सूर्यग्रहणात, आणि तोवर कुणाला शिवी द्यायची नाही की कुणाचं वाईट चिंतायचं नाही.

“हा मंतर आहे का उपास?” कुंदा परत येताना वैतागून म्हणाली. “तुले तं जमतच नाही. तू दिवसभर शिव्या देते.”

झालं. मी त्याच क्षणी ठरवलं की हे करायचंच.

तीन महिन्यांत दोनदा जीभ घसरली. दोन्ही वेळा भागामायला जाऊन खरं सांगितलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “खोटं बोलली असती तं घालवून देली असती. आता तोंड सांभाळ.” सांभाळलं. कसं ते माझं मला माहीत!

फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं. भर दुपारी सगळं सौंसर दारं लावून आत बसलं. कुंदाच्या आईने तर तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. आमच्या घरी मात्र बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. एका हातात काजळी धरलेली काच, दुसऱ्या हातात चिवड्याची वाटी – शेजाऱ्यांना दिसेल अशी. मी म्हटलं, बाहेर जाऊन येते. बाबा खूश झाले. “जा न! साऱ्या गावातून फिरून ये. पाहू दे लोकाईले, ग्रहनात काही होत नाही म्हनून.” गावातल्या एकाही पोरीला त्या दुपारी उंबरा ओलांडता आला नसता. मला आला, कारण माझ्या बापाचा कशावर विश्वास नव्हता.

बोरगावच्या नाल्यात भागामाय आणि मी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलो. ऊन मळकट झालं, पाखरं झाडांत जाऊन बसली. भागामायने माझ्या कानात चार ओळी तीनदा म्हटल्या. मला काहीही जाणवलं नाही. अंगावर काटा आला तो पाण्याच्या गारठ्याने. ओळी अजून पाठ आहेत, इथे लिहिणार नाही. हसायचं तर हसा.

महिनाभरात कचेरीत कुणीतरी बाबांना टोमणा मारला – “बाबू, पोरगी जादूवालीची चेली झाली म्हनते!” बाबा घरी आले. मारलं नाही, ओरडले नाहीत. म्हणाले, “तुह्या आजोबानं ते गाठोडं नदीत सोडलं. अन् तू पान्यात उतरून परत घेऊन आली?”

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नाही. त्यांनी फळीवरून माझा कॉलेजचा फॉर्म खाली काढला. नागपूरला बी.एस्सी. करायचं होतं मला. दुसरं काहीच करायचं नव्हतं. फक्त त्यांची सही राहिली होती. फॉर्म माझ्यासमोर धरून म्हणाले, “पुन्हा हे नाव कानावर आलं का हा फाडतो अन् तुह्यासाठी पोरगा पाहतो.” बाबा बोलले की करत. फॉर्म सही न होता परत फळीवर गेला.

मे महिन्यातला रविवार. दुपारचे बारा वाजले असतील, आम्ही जेवायला बसलो होतो. दारात देवरावजी उभे! गावाच्या टोकाला यांचा मोठा संत्र्याचा बगीचा. मोजणीच्या कामाला बाबा त्यांच्याकडे कित्येकदा गेले होते. ओसरीच्या खाली उभं राहायचं, ओंजळ पुढे करायची, वरून पाणी पडायचं. लहानपणी एकदा मी बाबांबरोबर होते, म्हणून हे मला माहीत. बाबांनी घरी कधीच सांगितलं नाही. आणि आमच्या गल्लीत पाऊल न टाकलेला तो माणूस आज अनवाणी, घामाघूम.

“बाबू, पोरीले पाठवा. आमच्या छबीले इचू चावला. भागाबाई पांढुर्न्याले गेली. सांगून गेली होती, मी नसली तं बाबूची पोरगी आहे म्हनून.”

“दवाखान्यात न्या न मग,” बाबा म्हणाले.

“जीप नागपुरात आहे. बंडी जुंपून राहिले गडी. पोरगी थंडी पडून राहिली, बाबू... चार वर्साची आहे.”

मी ताटावरून उठले.

“बस. जेव,” बाबा म्हणाले.

“बाबा, मले नाही म्हनता येत नाही.”

“फॉर्म फाडीन.”

“फाडा.”

खरं सांगते, मंत्रावर भरवसा होता म्हणून नाही गेले. लेकरू मेलं तर जन्मभर ‘जादूवाली’ हे नाव मलाच चिकटणार, तेही कळत होतं. पण मी शब्द दिला होता आणि तो मोडणार नव्हते. रडू येत होतं, आणि मी अनवाणी त्या तापल्या रस्त्याने धावत सुटले होते.

छबी ओसरीवर बाजेवर पडली होती. डाव्या पायाची करंगळी लाल, कपाळाला घाम, हात बर्फ. तोंडातून लाळ गळत होती आणि रडून रडून आवाज बसला होता. मी आधी बजावलं – बैलबंडी तयार झाली की दवाखान्यात निघायचं, माझ्यासाठी थांबायचं नाही. मग बसले. गुडघ्यापासून करंगळीपर्यंत हात फिरवत चार ओळी म्हटल्या. काही नाही. पुन्हा म्हटल्या. काही नाही. मनात आलं, कॉलेज तर गेलंच, आता ही पोरगीपण जाते.

तिसऱ्यांदा शेवटची ओळ म्हटली आणि माझ्या डाव्या करंगळीत तापलेली सुई शिरली. मी किंचाळले. कळ पोटरीतून मांडीपर्यंत चढली. मला वाटलं दुसरा विंचू! खाली पाहिलं – सारवलेली स्वच्छ ओसरी, काडीसुद्धा नव्हती. आणि बाजेवरची छबी दोन हुंदके देऊन थांबली. आईकडे बघून म्हणाली, “माही बाहुली कोठी आहे?”

देवरावजींची बायको आत पळाली आणि पितळी गडवा भरून पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी नकाराची मान हलवली – मंत्राचा नियम, त्या घरचं पाणीसुद्धा नाही. तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं मी जुना हिशेब काढते आहे. “घे न वो बाई... आमी आता नाही मानत तसं,” ती म्हणाली. ओसरीवरच्या एकाही माणसाला ते खरं वाटलं नाही, तिला स्वतःलाही नाही. मी तरी काय सांगणार? जीभ कळांनी वळत नव्हती.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. बाबा! मागोमाग कधी आले, ओसरी कधी चढले, मला कळलंच नाही. त्यांनी गडवा घेतला. वरून धार न धरता सरळ तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायले. देवरावजी जमिनीकडे बघत होते. बाबांनी रिकामा गडवा बाईंच्या हातात दिला आणि मला विचारलं, “चालता येते का?”

“नाही.”

त्यांनी खाली वाकून माझा पाय पाहिला, मग मला उचलून बंडीत ठेवलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा दोघींना तपासलं. छबीच्या करंगळीला डंख होता, सूजही होती, पण नाडी ठीक होती आणि ती बाहुलीसाठी भांडत होती. माझी नाडी पळत होती, हातपाय गार, घामाने कपडे भिजलेले. डॉक्टरांनी भिंग लावून माझी करंगळी पाहिली, दाबली, पुन्हा पाहिली. डंख नाही. काट्याचीही खूण नाही. “लक्षणं सगळी विंचवाची आहेत,” ते बाबांना म्हणाले, “पण हिला चावला कुठे?”

मला आता तुम्ही काय म्हणणार ते माहीत आहे. छबीला विष कमी गेलं असेल. मी उपाशी, उन्हात धावले, घाबरले. मनाचा खेळ. हे सगळं मी स्वतःला तुमच्याआधी सांगून झालंय. पण मनाचा खेळ व्हायला मनात काहीतरी असावं लागतं ना? दुखणं उतरवणाऱ्याला येतं असं भागामायने कधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा ती स्वतःच चकित झाली. “मले तं कधी नाही झालं वो,” म्हणाली.

आणि एक... विंचू चावला तर सरळ दवाखाना गाठा. आता चांगली औषधं आहेत. माझी गोष्ट वाचून कुणी मांत्रिक शोधत बसलं तर मला फार राग येईल.

त्या रात्री बाबा दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी, घटकाभरात, दुखणं गेलं. आम्ही घरी आलो. बाबांनी फळीवरून फॉर्म काढला. मी डोळे मिटून घेतले, कागद फाटल्याचा आवाज यायची वाट बघत. आला तो पेनाचं टोपण काढल्याचा. सही करून त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला.

“जा. विज्ञान शीक,” ते म्हणाले. “अन् हे काय होतं, ते मले येऊन सांग.”

मी बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं. सुट्टीत घरी आले की बाबा पिशवी हातातून घेता घेता विचारायचे, “सापडलं?” मी डॉक्टरांना विचारलं, प्राध्यापकांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यांच्या शेवटच्या आजारपणातही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “नाही बाबा.” खोटं सांगून त्यांना बरं वाटलं असतं, पण ते मला जमलं नाही.

“मग शोध,” बाबा म्हणाले.

शोधते आहे. अजून सापडलेलं नाही.