नऊ नंबरचा शर्ट

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळाडू दहा होते आणि शर्ट आठ. कापड तेवढंच आलं होतं. शिवणारे माझे अब्बा. चंद्रपुरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांनी बाह्या उडवल्या, लांबी कमी केली, तरी नववा शर्ट काही निघाला नाही. त्यामुळे बदली खेळाडू उतरायचा तेव्हा बाहेर येणारा आपला घामानं भिजलेला शर्ट काढून त्याच्या हातात द्यायचा. तो डोक्यातून ओढताना प्रत्येक जण तोंड वाकडं करायचा. गुणपत्रक लिहायला कॉलेजचे लेखनिक बसत. ते चष्मा पुसून शर्टावरचा नंबर पाहायचे. चेहरा पाहायची त्यांना गरज वाटत नसे.

बास्केटबॉलचे नंबर तेव्हा चारपासून सुरू होत. माझा नंबर नऊ.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची काही मिनिटं उरली असताना माझा घोटा मुरगळला. मी शर्ट काढून माझ्या दोस्ताला दिला. तो आरमोरीच्या पुढच्या जंगलातल्या एका गावातून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा, लांब हातांचा मुलगा. आम्ही एका गुणानं मागे होतो. अगदी शेवटच्या क्षणी त्यानं बास्केट टाकलं आणि आम्ही जिंकलो. लेखनिकांनी नऊ नंबरसमोर दोन गुण लिहिले. मी तेव्हा पाण्याच्या पिंपामागे, बनियनवर, बादलीत पाय घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस आला. दोस्त धानाच्या कापणीसाठी सकाळच्याच बसनं गावी गेला होता.

"नऊ नंबर कोणाचा?"

मी हात वर केला. इथवर सगळं खरं होतं. मग त्यानं विचारलं, चेंडू हातातून सुटला तेव्हा काय वाटलं? इथं मी थांबायला हवं होतं. मी दहा मिनिटं बोललो. सुटतानाच कळलं होतं, असंही म्हणालो. चेंडू सुटला तेव्हा मी टॉवेल शोधत होतो.

माझा फोटो छापून आला. ते कात्रण पाहून मला विद्यापीठाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. आमच्या कॉलेजातून एकट्याला. मी वाईट खेळाडू नव्हतो, तेही नोंदवून ठेवतो. विद्यापीठाकडून खेळलो, खेळाडू म्हणून बल्लारपूरला नोकरी लागली, गुडघे बोलायला लागेपर्यंत खेळलो आणि मग पोरांना शिकवलं. पण दार उघडलं ते त्या कात्रणानं. दोस्त परत आल्यावर मी म्हणालो, "नंबरामुळे पेपरवाल्यांचा घोळ झाला रे." तो हसला. पुढच्या वर्षी त्याचे वडील गेले आणि तो कॉलेज सोडून शेतीला लागला.

अब्बा त्या दिवशी सामना पाहायला आले होते. घरी कुणी माझं कौतुक काढलं की ते मान वर न करता म्हणत, "बास्केट तो मेरी सिलाई ने डाला." बरीच वर्षं मी तो विनोद समजून हसत होतो.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला शाळांच्या एका स्पर्धेत मी पाहुणा होतो. एक उंच मुलगी समोर आली. तिचे लांब हात पाहताच मला पिंप आठवलं.

"तुमी आमच्या आजोबाचे दोस्त ना? आजोबा सांगते का, शेवटचं बास्केट त्यानंच टाकलं होतं. कोणी मानत नाई. गावात कोणी थापा फेकून राह्यला का लोक म्हणते, 'हो, अन् शेवटचं बास्केट बी तूच टाकलं असशील!'"

ती खूप हसली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणजे माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यानं तो स्वतःच्याच गावात खोटारडा ठरला होता.

त्याच आठवड्यात मी गेलो. तो अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. इतक्या वर्षांनी मला पाहून म्हणाला, "ये ना बे. पाय बरा झाला काय?"

मी सगळं सांगितलं, पेपरवाल्यासमोरच्या दहा मिनिटांसकट. तो फुलं पसरत राहिला.

"चाचणीचं ते बोलावणं तुला आलं असतं तर आला असतास?" मी विचारलं.

"आलो असतो ना. काऊन नसतो आलो?" या वेळी तो हसला नाही. हात झटकून म्हणाला, "माफी मले नको मागू. गावाले सांग."

दुपारी त्याच्या अंगणालगतच्या चिंचेखाली माणसं जमली. मी उभं राहून कबुली दिली. बादलीही वगळली नाही. एक म्हातारी म्हणाली, "कायले खोटं बोलून राह्यले भाऊ? दोस्तासाठी?"

"मोहाची पाजली असन यानं!" मागून कुणीतरी बोललं.

नातीनं बूड काढलेलं टोपलं चिंचेला बांधलं आणि आजोबांच्या हातात चेंडू दिला. पहिला कौलांवर गेला. दुसऱ्यानं शेळी पळाली. तिसरा वाळत घातलेल्या मोहात पडला आणि सुनेनं तो जप्त केला. तिची विनवणी करून मी तो परत मिळवला आणि एकदा टाकून पाहिला, तर झाडापर्यंतही पोचला नाही.

"दोघंबी फेकू!" गावानं निकाल दिला.

बसपर्यंत सोडायला आलेला दोस्त म्हणाला, "लिहून दे. छापलेलं मानते लोक. तुझं नाई काय मानलं?"

म्हणून हे लिहिलं. शेवटचं बास्केट त्यानं टाकलं, उजव्या बाजूनं, बोर्डाला न लावता. माझा होता तो फक्त शर्ट. मजकूर फोनवर वाचून दाखवला तर म्हणाला, "अर्ध्या मैदानातून टाकलं, असं लिही." मी साफ नाही म्हणालो. फ्री थ्रोच्या रेषेमागे दोन पावलं, जास्त नाही.

"तीन," तो म्हणाला. "तू तर पिंपामागं होता. तुले काय दिसलं?"

तीन पावलं.